आषाढातला बांगडा

आषाढ निम्मा सरला की आमच्या बेळगावात दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे उघडीप न देणारा पाऊस, आणि दुसरी म्हणजे ‘श्रावणाच्या आधी एकदा तरी मासे व्हायला हवेत की’ ही घराघरातली कुजबुज. मराठी घरात दिव्याची अवस, कानडी घरात भीमन अमावास्ये, आणि आमच्यासारख्या मिसळलेल्या घरात दोन्ही. सण वेगळे असले तरी त्याच्या आधीच्या रविवारी कॅम्पातल्या मासळी बाजारात पिशवी घेऊन उभी राहणारी माणसे तीच. कोण कुठल्या भाषेत घासाघीस करतो याकडे तिथे कुणाचे लक्ष नसते.

गंमत अशी, की ज्या दिवसांत आपल्याला मासा सर्वांत जास्त आठवतो, नेमक्या त्याच दिवसांत आपला समुद्र बंद असतो. कर्नाटक आणि गोवा या दोन्ही किनाऱ्यांवर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. दर्या खवळलेला असतो हे एक कारण, आणि तारलीसारख्या माशांचा हा विणीचा काळ असतो हे दुसरे. लहान पारंपरिक होड्यांना मुभा असते, पण त्या काठाला आणि खाडीतच फिरणार. पंचांगाला हा सरकारी नियम माहीत नाही आणि सरकारला पंचांग. ज्या वर्षी अधिक महिना श्रावणाच्या आधी येतो त्या वर्षी श्रावण ऑगस्टच्या मध्यापर्यंत ढकलला जातो, आणि बंदी उठल्यावर दहा-बारा दिवस तरी खवय्यांच्या पदरात पडतात. एरवी जुलै म्हणजे सुकट आणि जुन्या आठवणी.

ही आठवण २०२५ च्या जुलैतली आहे. माझी आत्या एकोणऐंशी वर्षांची. आमचे आतोबा पोस्टात होते आणि त्यांच्या नोकरीची बावीस वर्षे कारवारला गेली. कोडीबागेत, काळी नदीच्या मुखाजवळ, त्यांचे भाड्याचे घर होते. आतोबा गेले तशी ती बेळगावला आमच्याकडे आली. येताना तिने दोन ट्रंका, एक तांब्याचा बंब आणि तिरफळांची एक बाटली आणली. आमच्या घरात मासा खऱ्या अर्थाने शिरला तो तेव्हापासून. माझी पत्नी धारवाडची. तिच्या माहेरी मटण, कोंबडी चालते, पण मासा म्हणजे काट्यांची भानगड असे समजून त्याला कुणी हात लावत नसे. काटा कसा ओळखायचा, बांगड्याची पाठ कुठून उघडायची, हे तिला आत्याने ताटात शिकवले. आता आमची मुले ज्या सफाईने तारली खातात ती पाहून धारवाडच्या अज्जीला अजून घाम फुटतो.

तर त्या जुलैत आत्या म्हणाली, “एकदा कारवारला जाऊन यायचं आहे. गुडघे अजून ऐकताहेत तोवर जाऊया की.” पत्नी बँकेत असल्यामुळे दुसरा शनिवार आणि रविवार जोडून मिळत होते. समुद्र बंद आहे हे आत्याला कुणी सांगायला नको होते. ती म्हणाली, “बोटी बंद असतात रे, खाडी कुठं बंद असते?” पावसाळ्यात काळीच्या मुखावर पागणारे असतात, शेवटे मिळतात, नशीब असेल तर काळुंदर मिळते, तिसऱ्या तर मिळतातच. आणि काहीच नसले तर खारा बांगडा आणि उकड्या तांदळाची पेज. हे सगळे तिचे आधीच ठरलेले होते. तिला सुरमई, पापलेट असले काही नको होते. तिथल्या हाताचे तिथले जेवण एकदा जेवायचे होते.

आम्ही धारवाड, यल्लापूर, अरबैल घाट आणि अंकोला असे गेलो. वाटेवरचा पाऊस आणि पोरांच्या उलट्या यांचे वर्णन करत नाही. कारवारात पोहोचल्यावर पहिल्यांदा आत्याला काळीचा पूल बघायचा होता. तिथला जुना पूल २०२४ च्या ऑगस्टमध्ये मध्यरात्रीनंतर कोसळला. ती बातमी तिने आपल्या घरी टीव्हीवर पाहिली होती. पलीकडे सदाशिवगड, मधे गढूळ पाणी. आत्या गाडीतून उतरली नाही. काच खाली करून थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “हा नव्हता तेव्हा आम्ही होडीनं जायचो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि पत्नी बाजारात गेल्या. हे मला पत्नीने नंतर सांगितले, पण पुढच्या गोष्टीसाठी ते महत्त्वाचे आहे. एका मासेविक्या बाईपुढे आत्या बसली आणि कोकणीत विचारले, बांगडा आहे का? बाई म्हणाली, “बांगडो ना आज, बाय. तिसऱ्यो आसात.” एका वाक्यात विषय संपला. मग त्या दोघी तिसऱ्यांच्या वाट्यावर, पावसावर आणि कुणाच्या तरी लग्नावर अर्धा तास बोलल्या. आत्याने खारे बांगडे आणि किसमूर करायला जवळा घेतला. शेजारच्या बाईकडे चार शेवटे होते, डोळे अजून काचेसारखे. पण आमचा मुक्काम लॉजवर. चूल नाही, भांडे नाही. ते शेवटे घेऊन काय करणार? आत्याने एक उचलून पाहिला आणि जागेवर ठेवला.

दुपारी परतीच्या वाटेवर जेवायचे ठरले. हायवेच्या कडेला, समुद्राकडे तोंड केलेले एक हॉटेल होते. बाहेर प्लास्टिकचा मोठा शेवंड, आत झावळ्यांचे छत, भिंतीवर जाळी आणि वल्ही टांगलेली. सत्तर-ऐंशी माणसे बसतील एवढी जागा. गाड्यांच्या पाट्या पाहिल्या तर हुबळीच्या, बंगळूरच्या, पुण्याच्या आणि आमच्यासारख्या बेळगावच्या. त्याचे नाव इथे देत नाही, कारण या किनाऱ्यावर त्याची भावंडे पुष्कळ आहेत.

वेटर म्हणजे एक विशीतला पोरगा. आत्याने त्याला कोकणीत विचारले, आज काय आले आहे? तो हसला. पत्नीने तिच्या धारवाडी कानडीत विचारले, “इवत्त याव मीन बंदाव?” तो पुन्हा हसला. मी मराठीत विचारले. मग त्याने हिंदीत सांगितले, की तो ओडिशाचा आहे आणि “सब फ्रेश है.” सुरमई आहे, पापलेट आहे, बांगडा आहे, कोळंबी आहे, शेवंड आहे, खेकडाही आहे. तिसऱ्या? त्या काय असतात हे त्याला माहीत नव्हते. शेवटे? मान हलवली. आमच्यापासून बाजार चार-पाच किलोमीटर. तिथे त्या दिवशी जे जे होते त्यातले एकही इथे नव्हते, आणि जे तिथे नव्हते ते सगळे इथे हजर होते!

मेन्यूकार्ड सतरा-अठरा पानांचे, रंगीत फोटोंचे. एकाच माशाची करी गोवन, मालवणी, मंगळुरी, केरळा, चेट्टिनाड आणि ‘कोस्टल स्पेशल’ अशी सहा प्रकारांत मिळत होती. कारवारी मात्र नव्हती. कारवारात बसून! पत्नी हळूच म्हणाली, “एल्ला सिगतैति अंदर, एनू सिगंगिल्ल अंत.” सगळे मिळते म्हणजे काहीच मिळत नाही. आत्याला कानडी चांगले कळते. ती म्हणाली, “असू दे गं, बांगडा तरी बघूया.” आम्ही बांगड्याची करी, तळलेली सुरमई, मुलांसाठी कोळंबी, भात, नीर दोसे आणि सोलकढी असे मागवले.

आधी आली सोलकढी. कोकम आणि नारळाच्या दुधाची कढी किंचित जांभळट गुलाबी असते. ही लग्नाच्या मंडपाच्या कापडासारखी गुलाबी होती आणि गोड. नीर दोसे थंड, एकाला एक चिकटलेले. कोळंबी बरी होती, ते मान्य करायला हवे. कोळंबीची आता शेती होते, तिला जून-जुलै नसतो. सुरमईच्या तुकडीवर रव्याचे एवढे जाड कवच, की आतला मासा शोधावा लागला, आणि सापडला तेव्हा तो कापसासारखा सुटत होता. मासा हळूहळू गोठला, किंवा एकदा वितळून पुन्हा गोठवला, की त्याच्या मांसातले पाणी बर्फ होऊन धागे फाडते. मग तो शिजल्यावर पाणी सोडतो आणि चोथा उरतो. जाड रवा आणि भडक मसाला यांचे खरे काम तो चोथा झाकण्याचे.

आणि मग बांगडा आला.

बांगडा हा गरिबाचा मासा म्हणतात, पण फार मानी मासा आहे. त्याच्या अंगात तेल भरपूर. तेच त्याचे वैभव आणि तीच त्याची अडचण, कारण ते तेल फ्रीझरमध्येही हळूहळू हवेशी भांडत राहते आणि मासा खवट होतो. सुरमई शीतपेटीत बरीच तग धरते, बांगडा नाही. शिवाय पकडल्यानंतर तो बर्फाशिवाय फार वेळ राहिला तर त्यात असे काही तयार होते, जे नंतर कितीही शिजवले तरी जात नाही. जिभेला मुंग्या येतात, कुणाच्या अंगावर पित्त उठते. म्हणून बांगड्याचे कालवण करणारी बाई आधी मासा पारखते, मग नारळ फोडते. वाटणात नारळ, सुकी मिरची, धणे, हळद, चिंच. कांद्याची फोडणी नाही. आणि उतरवण्याच्या थोडे आधी ठेचलेली तिरफळे, बी काढून. तिरफळ हे तेलकट माशाचेच सोबती. ते बांगड्याला चालते, तारलीला चालते, पापलेटात कुणी घालत नाही. एक कढ आणि झाकण. एवढेच असते ते.

आमच्यापुढे आले ते कांदा-टोमॅटोच्या लाल रश्शात बुडालेले दोन बांगडे. हाच रस्सा शेजारच्या टेबलावर ‘केरळा’ म्हणून कढीपत्ता टाकून आणि त्याच्या पलीकडे ‘मालवणी’ म्हणून कोथिंबीर टाकून गेलेला मी पाहत होतो. आत्याने चमच्याने नव्हे, बोटांनी पाठीवरची कातडी बाजूला केली. ती सहज सुटून आली, आणि खालचे मांस भुगा होऊन रश्शात पडले. तिने एक घास घेतला. काही बोलली नाही. धाकट्याने ताटाकडे हात नेला तेव्हा मात्र तिने तो धरला आणि म्हणाली, “हे तू नको खाऊ.” मग तिने रश्शाचे भांडे लांब सरकवले, भातावर सोलकढी ओतली, लोणच्याची फोड घेतली आणि तेवढ्यावर जेवली. भात बासमतीचा होता, त्यावर सोलकढी टिकतही नव्हती. बावीस वर्षे जिथे राहिली त्या गावच्या वेशीवर, समुद्र समोर दिसत असताना, बाई लोणचे-भात जेवून उठली. मला राग आला तो तिथे.

पत्नीने गल्ल्यावर जाऊन कानडीत विचारले. तिचा स्वर बँकेतला होता, त्यामुळे मॅनेजरने सरळ सांगितले. बांगडे मे महिन्यातले, फ्रीझरमधले. सुरमई चेन्नईहून ट्रकने येते. हे त्याने लपवले नाही, आणि त्यात त्याला लपवण्यासारखे काही वाटतही नव्हते. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. त्यामुळे आपला समुद्र बंद असतो तेव्हा तिकडचा उघडा असतो. म्हणजे अरबी समुद्राकडे तोंड करून आम्ही बंगालच्या उपसागरातला मासा खात होतो! यात बेकायदा काही नाही. चेन्नईच्या सुरमईशी माझे वैरही नाही. तीच बर्फात नीट आली तर उत्तम लागेल. पण मग पाटीवर तसे लिहा. ‘फ्रेश कॅच ऑफ द डे’ असे अडीच फूट उंचीच्या अक्षरांत कशाला?

“आम्ही विचारलं तेव्हा मुलाने सगळे ताजे आहे म्हणून सांगितले,” पत्नी म्हणाली. मॅनेजर म्हणाला, “मॅडम, फ्रोजन म्हटलं तर लोक उठून जातात.”

हे उत्तर माझ्या डोक्यातून अजून जात नाही, कारण ते खरे आहे. आपण घाट उतरतो तेच मुळी सुरमई, पापलेट आणि कोळंबी हे तीन शब्द तोंडात घेऊन. जुलै असो की जानेवारी, समोर आज तिसऱ्या आणि शेवटे आहेत असे कुणी म्हणाले तर आपल्याकडची निम्मी माणसे दुसरे हॉटेल शोधतील. ज्याने कर्ज काढून ऐंशी खुर्च्या मांडल्या, ज्याच्याकडे येणारे गिऱ्हाईक पुन्हा कधी येईल याची खात्री नाही, तो ‘नाही’ हा शब्द कशाला उच्चारील? बाजारातल्या त्या बाईला तो परवडतो. तिच्यापुढे रोज तीच माणसे येतात. आज खोटे बोलली तर उद्या तिची टोपली तशीच राहते. गावातल्या छोट्या खानावळींचेही तेच. कचेरीतले कारकून, बंदरावरचे मजूर, ट्रकवाले रोज जेवणार. तिथे दुपारी एकला फळ्यावर दोनच पदार्थ असतात आणि दोनला त्यातला एक पुसलेला असतो. समोर सुंदर देखावा नसतो, बसायला बाकडे असते, हात धुवायला बाहेर जावे लागते. पण ताटात त्या दिवशीचा मासा असतो, आणि नसेल तर तसे सांगणारा माणूस असतो.

त्या ओडिशाच्या पोराला मी दोष देत नाही. पोटासाठी तो देशाच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर आला आहे. कदाचित त्याच्या गावी खाडीतला मासा त्याची आई याहून चांगला करत असेल. त्याला ‘सब फ्रेश है’ एवढे तीन शब्द पढवले गेले आहेत. मला खटकते ते वेगळे. खारवी, गाबीत, हरिकंत्र अशी माशावर जगणारी माणसे हाकेच्या अंतरावर असताना, त्या ऐंशी खुर्च्यांच्या हॉटेलात एकाही माशाचे तिथले नाव कुणाला माहीत नव्हते. आपल्या घरांत एका माशाला दोन-तीन नावे सहज नांदतात. आपण सुरमई म्हणतो, कारवार-गोव्यात तिलाच इसवण म्हणतात, मंगळूरकडून आलेला अंजल म्हणतो, आणि तिघांच्याही डोळ्यांपुढे तोच मासा उभा राहतो. त्या मेन्यूकार्डावर नाव एकच होते आणि मासा मात्र कुठला ते सांगता येत नव्हते.

बिल २,८६० रुपये झाले. ते मी दिले. आत्याने तेवढ्यात त्या पोराच्या हातात वीस रुपये ठेवले आणि मराठीतच विचारले, “जेवलास काय रे?” ते त्याला कसे कळले कोण जाणे, पण त्याने मान हलवली.

परतताना धारवाडला सासूबाईंकडे थांबलो. खाऱ्या बांगड्यांची पिशवी घरात आणायला त्यांनी ठाम नकार दिला. ती रात्रभर गाडीच्या डिकीत राहिली आणि गाडीला पुढे महिनाभर कारवारचा वास येत होता. बेळगावात आल्यावर आत्याने त्यातले दोन निखाऱ्यावर भाजले, पेज केली, जवळ्यात खोबरे, चिंच आणि मिरची घालून किसमूर केले. मुलांनी पेज तीनदा मागून घेतली. कारवारच्या त्या जेवणाबद्दल ती नंतर एकदाच बोलली. म्हणाली, “नाही म्हणाले असते तर चाललं असतं रे. मी काय भांडले असते?”

वाचकांपैकी कुणी येत्या जून-जुलैत खाली उतरणार असतील तर त्यांना एवढेच सांगतो, की मेन्यूकार्ड उघडण्याआधी आज काय नाही ते विचारा. जो चार नावे भराभर सांगेल त्याच्याकडे बसा. तिसऱ्या, खुबे, खाडीचा मासा, नाहीतर सरळ सुके मागा. मासा आणून दाखवायला तयार असतील तर कल्ला उचलून लाल आहे का पाहा. पोटावर बोट दाबा, खड्डा राहिला तर राम राम करा. नेहमीची बोटींची मासळी हवी असेल तर ऑगस्ट थोडा पुढे सरकू द्या.

आमच्याकडे मात्र ऑगस्ट सरला तरी उपयोग नव्हता. आत्या श्रावण पाळते, त्यानंतर गणपती. अनंत चतुर्दशी झाली, मग पक्ष पंधरवडा सुरू झाला आणि आतोबांची तिथी त्यातच आली. अखेर दसरा उलटल्यावर पत्नी एका रविवारी कॅम्पातून बांगडे घेऊन आली, पहाटे कारवारहून आलेले. आत्याने पिशवी तोंडाशी धरून वास घेतला, एकेक कल्ला उचलून पाहिला, सातातला एक बाजूला काढला आणि पत्नीला म्हणाली, “हा परत देऊन ये. बाकीचे चांगले आहेत. आणि येताना नारळ आण.”